पुस्तकाचा दुसरा भाग

आमच्या गावच्या वाचनालयात जाड पुस्तक आलं की ते मधोमध कापून त्याची दोन पुस्तकं करायची रीत होती. ग्रंथपाल होते भाऊसाहेब, निवृत्त पोस्टमन. पुस्तकं थोडी, आणि एखादं जाड पुस्तक एकाच माणसाकडं दोन महिने अडकलं की बाकीचे भांडायला यायचे. म्हणून भाऊसाहेब पाठीवरची शिवण उसवायचे, बरोबर मध्यावर, प्रकरण कुठं संपतंय ते न बघता. दोन्ही अर्ध्यांना खाकी पुठ्ठा खळीनं चिकटवायचे आणि वर निळ्या शाईनं लिहायचे, भाग पहिला, भाग दुसरा. कादंबरी असली तर लोक दुसऱ्या भागासाठी एकमेकांच्या दारात जाऊन बसत. माहितीच्या पुस्तकांना तशी घाई नसायची. पहिला भाग वाचला की माणसाला वाटायचं, कळलं सगळं.

बारावीच्या वर्षी माझ्या हाती असाच एक पहिला भाग लागला. शेअर बाजारावरचं भाषांतरित पुस्तक होतं. त्यात गणित शिकलेली काही माणसं परदेशात एका खोलीत बसून बाजाराचे जुने भाव मांडतात. कंपनी साबण करते की सायकली, हे त्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नसतं. भाव कधी चढला, कधी उतरला, चढण्याआधी काय झालं होतं, एवढंच ती बघतात, त्यातून सूत्र काढतात आणि सूत्र सांगेल तसं घेतात-विकतात. पहिला भाग संपतो तेव्हा ती अफाट श्रीमंत झालेली असतात. दुसरा भाग कुणीतरी नेलेला होता. मी फारशी चौकशी केली नाही. सूत्र कसं काढायचं ते तर पहिल्याच भागात होतं.

आता माझा मुलगा पुण्यात एका कंपनीत असलंच आकड्यांचं काम करतो आणि दर दिवाळीला मला असलं एखादं पुस्तक आणतो. मराठीत आता ढिगानं निघतात. सगळ्यांचा बांधा एकच. अर्ध्यापर्यंत हुशार माणसं चढतात, अर्ध्यानंतर त्याच हुशारीनं बुडतात आणि शेवटी लेखक सांगतो की हे त्याला आधीच दिसत होतं. मी ही पुस्तकं शेवटच्या प्रकरणापासून उलटी वाचते. मुलगा हसतो. हसू दे.

त्यातलंच एक पुस्तक आमच्या देशमाने सरांचं आहे. सर आम्हाला गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर पुण्याला गेले आणि सामान्य वाचकासाठी बाजार आणि गणित सोपं करून सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. बऱ्याच आवृत्त्या निघाल्यात. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला करू. त्यात मी आहे. 'धाराशिवकडच्या एका खेड्यातली चुणचुणीत मेंढपाळ मुलगी' असा माझा उल्लेख आहे. आम्ही शेळ्या राखत होतो, मेंढ्या नाही, पण ते सोडा. माझी वही, माझं सूत्र आणि माझा एक बाजार असं सगळं दीड पानात उरकून सरांनी शेवटी वाक्य टाकलंय, 'मी तिला वेळीच सावध केलं होतं.' या एका वाक्यासाठी माझ्या आठवणींतलं हे प्रकरण लिहिते आहे.

जळकोटपासून आत, हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज वाऱ्यावर यावा एवढ्या अंतरावर आमचं घर होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणाला लागून बाभळीच्या काट्याकुट्यांचं वाडगं. त्यात चाळीसेक शेळ्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, नाकातून शिंकणाऱ्या. आमच्याकडं सकाळ व्हायची ती कोंबड्यानं नाही, करडांनी. आई धारा काढायची तेव्हा एक करडू तिच्या पाठीवर चढलेलं असायचंच, आणि ती त्याला शिव्या द्यायची त्या इतक्या मायेनं की आम्हा भावंडांना हेवा वाटावा. चहा शेळीच्या दुधाचा. पाहुण्यांना वास यायचा, आम्हाला गाईच्या दुधाचा चहा पाणचट वाटायचा. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारी रानात तीच भाकरी कांदा फोडून. बाजारच्या दिवशी मात्र येसराची आमटी, कारण आण्णा बाजारातून आले की त्यांना तिखट लागायचं. सौदा बरा झाला तरी, फसला तरी.

आण्णा, म्हणजे माझे वडील, फार सरळ माणूस. आमच्या बाजारात बोकडाचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात. किती बोटं धरली, कुठलं सोडलं, कुठलं दाबलं, त्यावरून शेकडा आणि दहाई कळते. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. आण्णांची अडचण अशी की समोरच्यानं पहिल्यांदा जी बोटं धरली ती सोडवून घ्यायला त्यांना लाज वाटायची. घरी आले की आई विचारायची, "किती धरली?" आणि ऐकून म्हणायची, "आन् तुमी दिली? हात हाय का खुंटी?"

भाव त्यांच्या ध्यानातही राहायचा नाही. म्हणून आठवीत असल्यापासून त्यांनी मला सोबत न्यायला सुरुवात केली. मी वहीत लिहायची. कुठल्या वयाचा बोकड, अंदाजे वजन किती, कितीला गेला, व्यापाऱ्यांच्या गाड्या किती आल्या, पाऊस होता का ऊन. पोटाखाली हात घालून जनावर जरा उचललं की वजन मला किलोला किलो सांगता यायचं. आजही येतं. दुसऱ्यांचे भाव सौदा झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून नाही कळले तर सरळ विचारायची. पोरगी विचारतेय म्हणून लोक सांगायचे.

आमच्यात मुलीला लहानपणी एक पाठ देतात, म्हणजे अजून व्यायची आहे अशी शेळी. तिची पिल्लावळ मुलीची. मी सात वर्षांची असताना मला मिळालेल्या पाठीची वंशावळ बारावीपर्यंत एवढी वाढली होती की त्या साली माझ्या मालकीचे सात बोकड होते, सगळे बिनडागी, बकरीदला विकावेत असे. मला सोलापूरला जाऊन संख्याशास्त्र शिकायचं होतं. असा काही विषय असतो हे मला त्या पहिल्या भागातच कळलं होतं. आण्णा मोठ्यानं कधी बोलायचे नाहीत. वैरण टाकता टाकता म्हणाले, "शेवंते, तुज्या सात बोकडांत बसत आसल तर जा बाई. घरातनं देयला माज्याकडं काय न्हाय. तुज्या धाकट्यांच्या तोंडातला घास काढून तुला धाडणं बी बरं न्हवं."

फी, वसतिगृह आणि खानावळ मिळून होणारा खर्च निघायला सात बोकडांना नेहमीच्या भावापेक्षा बराच वरचा भाव मिळायला हवा होता. तो कसा मिळेल हे वहीत होतं. चार वर्षांचे बाजार मी पुस्तकातल्यासारखे एकाखाली एक मांडले आणि जे दिसलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. आमची माणसं बोकड उन्हाळ्यात विकायची. लग्नं असायची, बियाणं घ्यायचं असायचं. बकरीदच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला जनावर थोडं उरायचं आणि व्यापाऱ्यांना तर न्यायचंच असायचं. चारही वर्षी त्या एका बाजारात भाव दीडपटीच्या वर गेला होता. सूत्र एवढंच होतं की काहीही होवो, शेवटच्या बाजारापर्यंत थांबायचं.

मी वही देशमाने सरांना नेऊन दाखवली. सरांनी ती उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर माझी चार वर्षं काढली. खडूनं वर चढणाऱ्या रेषा, प्रत्येक रेषेचं टोक बकरीदला टेकलेलं. "याला म्हणतात गणित," सर म्हणाले. "शेवंता, उभी राहा." मी उभी राहिले. वर्गात माझ्यासारखी शेळ्यावाल्यांची आणि शेतकऱ्यांची साठ पोरं होती, आसपासच्या आठ-दहा गावांतली. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला इतका आनंद झाला होता की पुढचं काही सुचलंच नाही. हे मी लपवत नाही. फळ्यावर लिहिलं सरांनी, पण उभी राहून मान ताठ केली होती मीच.

उन्हाळ्यात बाजार ओस पडायला लागला. लग्नं झाली ती उसनवारीवर झाली, बोकड कुणी काढला नाही. शेजारच्या काशीकाकूचे तीन होते. दारावरून जाताना म्हणायची, "शेवंते, तुजी वही काय म्हणती? इकू का थांबू?"

"थांबा काकू."

"थांबते बाई. नवरा म्हणतुया इक, म्या म्हनलं शाळंत फळ्यावर लिवलंय, तुमी लई शाने का सर?"

आईला तेवढं पटत नव्हतं. ती म्हणाली, "समदी थांबली तर मंग शेवटच्या बाजारला जनावर थोडं कसं ऱ्हाईल गं?" मी तिला म्हणाले, तुला गणितातलं काय कळतंय. त्या उन्हाळ्यात माझ्या कानावर आलेलं शहाणपणाचं बोलणं तेवढं एकच होतं, आणि बोलणारीला सही करता येत नव्हती.

शेवटच्या बाजाराला आम्ही पहाटेच निघालो. अर्ध्या वाटेवरच आण्णा थांबले. पुढं, मागं, कडेच्या पांदीतून, सगळीकडून बोकड येत होते. घंटांचा आवाज एवढा की ट्रक ऐकू येत नव्हते. बाजाराच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पारापर्यंत, शाळेच्या भिंतीपर्यंत दोऱ्या धरून उभे होते. व्यापाऱ्यांच्या गाड्या नेहमीएवढ्याच होत्या. ते एका जागी बसून चहा पीत होते, कुणाला घाई नव्हती. ईदनंतर पोसलेल्या बोकडाला गिऱ्हाईक नसतं आणि तो खातो मात्र शेळीच्या दुप्पट. हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

सोलापूरचे हमीदचाचा आण्णांचे जुने व्यापारी. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं दख्खनी. त्यांनी आमच्या सात बोकडांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माल तो सोना है पाटील. मगर आज सारा मुलुख सोना लेको आगया. क्या करूं मैं?" त्यांनी रुमाल काढला, आण्णांनी हात दिला. मी आण्णांचा चेहरा बघत होते. रुमालाखाली काय धरलं ते मला त्या चेहऱ्यावरून कळलं. मला लागणाऱ्या भावाच्या निम्म्याच्याही खाली. आणि ते आता मान हलवणार, हेही कळलं.

मी आण्णांचं मनगट धरून ओढलं आणि माझा हात रुमालाखाली घातला. बायामाणसांनी रुमालाखाली हात घातलेला त्या बाजारात तोवर कुणी पाहिला नव्हता. हमीदचाचांनी झटकन हात मागं घेतला. "नक्को बेटी. बाप को देने दे हात."

"बोकड माझे हैत चाचा. बापाचे न्हाईत."

बघे जमले. कुणीतरी हसलं. मागून काशीकाकूचा आवाज आला, "घाल घाल हात. आमचे तर बुडवलेस, तुजे तरी वाचव." तिच्याकडं वळून बघायची माझी छाती झाली नाही. चाचांनी आण्णांकडं बघितलं, आण्णा जमिनीकडं. मग चाचांनी दोन बोटं तेवढी पुढं केली, जशी विंचवाला लावावीत. मी ती सोडवली आणि मला हव्या त्या भावाची बोटं धरली. त्यांनी मुंडी हलवली. मी सोडलं नाही. सातही बोकड एका वजनाचे, बिनडागी, सात दारं हिंडायची दगदग वाचते, असं मी तोंडानं काही बोलले नाही, नुसती बोटं दाबत राहिले. आण्णांना जी लाज वाटायची ती मला वाटली नाही. मला राग येत होता. माझ्या पुढच्या सगळ्या धंद्याचं भांडवल तोच राग आहे, दुसरं काही नाही. बऱ्याच वेळानं चाचा म्हणाले, "ये छोकरी है के पंचनामा?" आणि त्यांनी एक बोट वाढवलं. त्या दिवशी मैदानात कुणालाही मिळाला नसेल असा भाव मला मिळाला, आणि तो मला हवा होता त्याच्या निम्म्याहून थोडा वर होता.

जाताना चाचा आण्णांना म्हणाले, "इसकू मेरे वास्ते माल छाँटने को लगा देव. आँख है इसकू." माझा धंदा सुरू झाला तो असा. पुढं याच मैदानात माझ्या तीन गाड्या उभ्या राहायला लागल्या, पण तो वेगळा भाग आहे. त्या दिवशी मला फक्त एवढं कळत होतं की आण्णांनी शब्द दिला होता सात बोकडांत बसलं तर, आणि ते बसलं नव्हतं. काशीकाकू तिन्ही बोकड परत घेऊन गेली. ते तिनं श्रावणाआधी फुकापासरी काढले. माझ्याशी ती दोन वर्षं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले आणि भाऊसाहेबांना दुसरा भाग मागितला. सूत्र कुठं चुकलं ते मला बघायचं होतं. भाऊसाहेबांनी रजिस्टर काढलं. "तो व्हय? तो देशमाने सरांकडं हाय की. दिवाळीपसनं."

दिवाळीपासून. फळ्यावर रेषा काढल्या त्याच्या कितीतरी आधीपासून.

सरांच्या घरी दार उघडंच होतं. सर खुर्चीवर बसून पोहे खात होते. पुस्तक कोनाड्यात होतं, खाकी पुठ्ठा मी लांबूनच ओळखला. मी ते घेतलं आणि तिथंच उभ्यानं उघडलं. पहिल्याच प्रकरणात होतं सगळं. त्या हुशार माणसांचं सूत्र बाहेर फुटतं, बाकीचे तसंच वागायला लागतात, सगळ्यांच्या हातात एकच माल येतो, आणि विकायची वेळ येते तेव्हा दार एकच असतं आणि सगळे एकदम त्या दाराशी. त्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या. अक्षर सरांचं. समासात 'महत्त्वाचे' असंही लिहिलं होतं.

"सर, तुम्ही हे वाचलं हुतं?"

सरांनी बशी खाली ठेवली. "वाचलं होतं."

"फळ्यावर लिहायच्या आधी?"

"हो."

"मग बोलला का न्हाईत?"

सर खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. म्हणाले, "शेवंता, खरं सांगू? मला वाटलं, ते मोठ्या बाजारांचं असतं. शेळ्या-बोकडांना हे लागू होत नाही."

पैसे गेल्याचं दुःख मी पचवलं असतं. पण ज्या माणसानं माझी वही बसून वाचली, त्यालासुद्धा आमचा बाजार बाजार वाटला नव्हता. गंमत वाटली होती, वर्गात दाखवायला बरी. बुडायची ऐपतसुद्धा त्यानं आम्हाला दिली नव्हती.

मी निघाले तेव्हा सर उठून उंबऱ्यापर्यंत आले. "थांब. चूक माझी आहे. सोलापूरला किती कमी पडतंय? ते मी भरतो. तीन वर्षं भरतो. तू प्रवेश घे." सरांचा पगार काही मोठा नव्हता, त्यांच्या दोन मुली शिकत होत्या. सर मनापासून बोलत होते. मला ते तेव्हाही दिसत होतं.

मी म्हणाले, "शेळ्या-बोकडांना फी लागत न्हाय, सर." आणि पायऱ्या उतरले.

तीन वर्षं मिळत होती. मी दोन मिनिटांत सोडली. नंतरच्या आयुष्यात मी एवढे सौदे केले, पण समोरचा स्वतःहून पूर्ण भाव देत असताना उठून गेले असा हा एकच. घरी मी आईला सांगितलं की सर घरी नव्हते.

गेल्या वर्षी त्यांचं पुस्तक वाचल्यावर मी मुलाकडून नंबर काढून त्यांना फोन लावला. आवाज थकलेला होता, पण ओळखलं लगेच. मी माझी मागणी सांगितली. 'सावध केलं होतं' हे वाक्य काढा आणि तुम्ही मला खरं काय म्हणालात ते घाला. एक वाक्य काढायचं, एक घालायचं, तुमचं पान वाढत नाही.

सर म्हणाले, "ते घातलं तर पुढचंही घालावं लागेल, शेवंता. फीचं. मग वाचक विचारतील, पोरगी का नाही गेली. ते तुला चालेल का? मला वाटलं, तुला ते नको असेल." मग म्हणाले, "तू तेव्हा अठराची होतीस गं."

 मी फोन ठेवला आणि चार-सहा महिने त्यांनाच शिव्या देत हिंडले, की बघा, उपकाराची भाषा करतात. पण माझा मुलगा, माझा नवरा, माझी मेलेली आई, यांतल्या एकालाही मी फीची गोष्ट कधी सांगितलेली नाही. सगळ्यांना एवढंच ठाऊक, की सरांनी दुसरा भाग दाबून ठेवला आणि शेवंताचं शिक्षण गेलं.

आता फीचं मी लिहिलं आहे. पायरीवर काय बोलले तेही लिहिलं आहे. वाक्य काढायला सरांना आता कसली अडचण उरलेली नाही. पुढच्या आवृत्तीची मी वाट बघते आहे.